दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांच्या दरम्यान

लिफ्टसाहेबांनी तोपर्यंत सहा वृद्धाश्रम नापास केले होते. सातवा नापास करायला शनिवारी सकाळी साडेनऊला ते बूट चढवत होते, तेव्हा पलंगावर आडव्या पडलेल्या बायकोनं छताकडे बघतच सांगितलं, "आजही नापास करून आलात, तर येताना आणखी एक पलंग घेऊन या. मला उठता येत नाही, तुमच्या मावशींना उचलायला कुणी नाही आणि तुम्हाला निर्णय घेता येत नाही. तिघं शेजारी शेजारी पडून राहू."

"मी निर्णय घेत नाही असं नाही. मी तपासतोय."

"तुम्हाला आश्रम नापास करायचाय, की स्वतःला पास करून घ्यायचंय?"

लिफ्टसाहेबांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

लिफ्टसाहेब म्हणजे सरकारी उद्वाहन निरीक्षक. उद्वाहन म्हणजे लिफ्ट, हे त्यांच्या खात्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसल्यानं इमारतीतल्या लोकांनी त्यांना सोपं नाव पाडलं होतं. शहरातली कुठलीही लिफ्ट त्यांच्या सहीशिवाय चालत नसे. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पास केलेली एकही लिफ्ट कोसळली नव्हती आणि ही गोष्ट ते न विचारणाऱ्यांनाही सांगत. या नोकरीमुळे त्यांची अशी पक्की समजूत झाली होती की जगातली कुठलीही वस्तू एका तक्त्यात बसते, डावीकडे प्रश्न, उजवीकडे बरोबर किंवा फुली. घरातला मिक्सर त्यांनी एकतीस प्रश्न विचारून घेतला होता. तो आठवड्यात जळला, पण तक्त्यात दोष नव्हता, असं ते अजूनही म्हणतात.

वृद्धाश्रमासाठी त्यांनी शहाण्णव प्रश्नांचा तक्ता केला होता, कारण प्रश्न मावशीचा होता. आई गेल्यावर नवव्या वर्षापासून त्यांना या मावशीनंच वाढवलं. ती चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉल, म्हणजे परगावचे फोन, जोडायची. निवृत्तीच्या दिवशी लिफ्टसाहेबांनी तिला चार माणसांसमोर शब्द दिला होता, की तू कायम माझ्या घरी राहशील. गेली चार वर्षं तिच्या डोक्यातलं एकेक पान कोरं होत चाललं होतं. आपण जेवलो का, हा कोण, ती कोण, यातलं काही तिला सांगता येत नव्हतं. एक्सचेंज मात्र चोवीस तास चालू होतं. समोर कुणीही आलं की ती म्हणायची, "नंबर बोला." बोलणं जरा लांबलं की म्हणायची, "तीन मिनिटं झाली, वाढवू?" आणि समोरच्यानं गोंधळून काही म्हणायच्या आत ती पाठ फिरवायची. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आपल्या हर्नियाच्या ऑपरेशनची हकीकत बारा वर्षं सगळ्यांना ऐकवत होते. त्यांना मधेच तोडणारी ती इमारतीतली पहिली व्यक्ती, आणि त्याबद्दल लोकांना तिच्याविषयी फार आदर होता.

महिन्यापूर्वी ती न्हाणीघरात पडली. लिफ्टसाहेबांच्या बायकोनं एकटीनं तिला उचललं आणि स्वतःच्या पाठीचा मणका सरकवून घेतला. चार वर्षं तिनंच मावशीचं सगळं केलं होतं, तेही कुरकुर न करता, आणि आता डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की सहा आठवडे पलंग आणि यापुढे जन्मात वजन उचलायचं नाही. दिवसभरासाठी ठेवलेल्या तीन बायका तीन दिवसांत निघून गेल्या. सातव्या आश्रमात एकच जागा होती आणि ती शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंतच राखून ठेवलेली होती. आठवा आश्रम शहरात नव्हता.

सल्ले मात्र भरपूर होते. पोस्टमास्तर म्हणाले, "कळवून जायचंच नाही. जेवणाच्या वेळी धडकायचं आणि म्हाताऱ्यांची नखं बघायची. नखं कापलेली असली की समजायचं, जागा चांगली." समोरच्या वहिनी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आईसारख्या मावशीला बाहेर ठेवणार? शोभतं का?" आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो, बायकोचा जीव घेणार का? ठेवा की कुठंतरी." दोन्ही वेळा त्यांचे डोळे सारखेच भरून आले होते. लिफ्टसाहेबांनी नखांचा प्रश्न तक्त्यात सत्तेचाळिसावा म्हणून घातला आणि वहिनींना घातलं नाही.

मधे दाखल्याची भानगड झाली. मावशीला आठवत नाही, असा डॉक्टरांचा दाखला आश्रमाला हवा होता. डॉक्टरांनी मावशीला समोर बसवून विचारलं, "आज तारीख काय?"

"तारीख आणि वेळेसाठी चौकशी विभागाला फोन करा," मावशी इतक्या ठाम आवाजात म्हणाली की डॉक्टरांचा हात खरोखरच फोनकडे गेला. मग त्यांनी सहज लिफ्टसाहेबांकडे बघितलं. लिफ्टसाहेबांनी तारीख सांगितली. ती कालची निघाली. शंभरातून सात वजा करत जाण्याच्या परीक्षेत तर ते, कुणी विचारलेलं नसताना, मनातल्या मनात एकोणऐंशीला अडकले, कारण शहाऐंशीनंतर बरोबर तेवढं येतं का याची त्यांना खात्री वाटेना. दाखल्यावर नाव नीट मावशीचंच आहे ना, हे त्यांनी दारात दोनदा वाचून घेतलं.

तर शनिवारी दहाला मावशीचा हात धरून लिफ्टसाहेब सातव्या आश्रमात पोचले. इमारत तीन मजली, जुनी, पण धुतलेली. प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी होती आणि पाटीवर आजाराचं नाव नव्हतं की वय नव्हतं. एका पाटीवर लिहिलं होतं, 'हेडमास्तर. उशीर झाल्यास कारण सांगावं.' दुसरीवर, 'बेकरीवाल्या काकू. पहाटे उठतात. मळायला पीठ द्यावं.' तिसरीवर, 'शिंपीकाका. माप घेऊ द्यावं.' लिफ्टसाहेब हे वाचत उभे असतानाच शिंपीकाका आले, गळ्यातली टेप काढली आणि त्यांच्या कमरेभोवती टाकून म्हणाले, "पोट धरून माप घेऊ, की सोडून?"

"मी पाहणीला आलोय," लिफ्टसाहेब ताठ होत म्हणाले.

"म्हणजे धरून," शिंपीकाकांनी नोंद केली.

तक्त्यात लगेच फुली पडली: 'रहिवासी पाहुण्यांना हात लावतात.' दुसरी फुली पडली ती एका सेविकेमुळे. तिला तिथं सगळे रेडिओताई म्हणत. ती सतत बोलायची. "आता आपण उशी फिरवली. आता खिडकी उघडली. बघा, बाहेर कुत्रं झोपलंय, आपल्यालाही झोपायचंय का? नको, आत्ताच उठलो की आपण." लिफ्टसाहेबांनी लिहिलं, 'कर्मचारी अखंड बोलतात.' बाकी नखं कापलेली होती, चहा गरम होता, न्हाणीघरातले दांडे भिंतीत पक्के होते. त्यांनी एकेका दांड्याला लटकून पाहिलं. आश्रमाच्या व्यवस्थापक बाई, पूर्वीच्या मोठ्या नर्स, हाताची घडी घालून हे सगळं शांतपणे बघत होत्या. तक्ता चढत चालला तसा लिफ्टसाहेबांना घाम फुटू लागला. आश्रम पास होण्याची लक्षणं दिसत होती.

मग त्यांना लिफ्ट दिसली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

लिफ्टचे सतरा प्रश्न होते. त्यांनी वॉचमनकडून गच्चीवरच्या यंत्रकक्षाची किल्ली मागून घेतली, खिशात टाकली, मावशीला घेऊन आत शिरले आणि दार लावलं. दुसरा मजला गेल्यावर त्यांनी स्वतःजवळच्या चावीनं बटणांची पेटी उघडली आणि आणीबाणीचा खटका दाबला. लिफ्ट जागच्या जागी थांबली. थांबण्याच्या परीक्षेत ती पूर्ण गुणांनी पास झाली. नंतर चालण्याच्या परीक्षेला मात्र ती बसायलाच तयार होईना. लिफ्टसाहेबांनी खटका वर केला, खाली केला, सगळी बटणं दाबली, मग नास्तिकानं संकटात देवाला हात जोडावेत तशी उगाच आणखी एकदा दाबली. हजारो लिफ्टना त्यांनी सही दिली होती, पण लिफ्टमध्ये अडकण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या आणि पाचव्या मिनिटाला त्यांना लघवीची फार घाई झाली.

कोपऱ्यातल्या फडताळात जुन्या पद्धतीचा फोन होता. त्याची घंटी वाजली. लिफ्टसाहेब हात पुढे करणार, तोच मावशीनं रिसीव्हर उचलून कानाला लावला. तिची पाठ सरळ झाली.

"नंबर बोला."

पलीकडे रेडिओताई होती. तिचा आवाज लिफ्टभर ऐकू येत होता. "आजी, घाबरू नका हं. आजी, आम्ही आहोत."

"इथं आजी नावाची पार्टी नाही. नंबर बोला."

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. रेडिओताई गप्प बसल्याची त्या इमारतीच्या इतिहासातली ती बहुधा पहिलीच नोंद असावी. मग ती वेगळ्याच आवाजात, अदबीनं म्हणाली, "एक्सचेंज, जरा स्वयंपाकघर जोडून द्याल का?"

"लावते. लाईनवर राहा," मावशी म्हणाली आणि तिची बोटं भिंतीवर, जिथं काहीच नव्हतं तिथं, सराईतपणे फिरली. "स्वयंपाकघर, बोला."

आणि पलीकडे खरंच स्वयंपाकीणबाई बोलल्या. रेडिओताईनं त्यांना फोनशी आणून उभं केलं होतं. मग धोब्याला बोलवलं, तो बोलला. हेडमास्तरांनी कॉल बुक केला आणि उशीर का होतोय, याचं कारण विचारलं. मावशीनं त्यांना सांगितलं की लाईनवर गर्दी आहे, आपला नंबर चौथा. लिफ्टसाहेब कोपऱ्यात उभे राहून बघत होते. चार वर्षांत मावशीचे हात कधी स्वस्थ नसत, सारखं काहीतरी चिवडत, शोधत असत. आत्ता ते कामात होते. एखाद्या मोठ्या साहेबीणबाईंच्या कचेरीत आपण चुकून आलोय, असं त्यांना वाटलं आणि अभिमानानं त्यांचा ऊर भरून आला. लघवीची घाई तेवढ्यापुरती कमी झाली.

"गृहस्थ," मावशी रिसीव्हरवर हात ठेवून त्यांना म्हणाली, "तुमचा कॉल लागायला वेळ आहे. बसून घ्या." ते जमिनीवर बसले.

मग शिंपीकाका फोनवर आले. त्यांना मुलाशी बोलायचं होतं. मुलाचा नंबर त्यांना पाठ होता, पण तो नंबर कित्येक वर्षांपूर्वी बंद झाला होता, हे लिफ्टसाहेबांना नंतर कळलं. मावशीनं नंबर लावला. वाट पाहिली. पुन्हा लावला.

"पार्टी उचलत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "कामात असतील. मी लावत राहते. तुम्ही लाईनवर थांबा, तोवर माझ्याशी बोला. मुलगा काय करतो?"

शिंपीकाका बोलत राहिले. तीन मिनिटं झाली, सहा झाली, दहा झाली. मावशीनं एकदाही वेळ सांगितली नाही. लिफ्टसाहेब जमिनीवर बसून ऐकत होते आणि पोस्टमास्तरांना हे कधीही कळू द्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

चाळीस मिनिटांनी लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक आला. त्यानं तिसऱ्या मजल्यावरचं दार चार बोटं सरकवलं. वर, लिफ्टसाहेबांच्या डोक्यापाशी, उजेडाची फट दिसली आणि फटीत मेकॅनिकचे डोळे. हे डोळे त्यांच्या ओळखीचे होते. मागच्याच वर्षी, लेखी परवानगीशिवाय यंत्रकक्ष उघडल्याबद्दल, त्यांनी याच माणसाचा परवाना आठ दिवस रोखला होता.

"साहेब, वर जाऊन हातानं चाक फिरवावं लागेल. पण यंत्रकक्षाला कुलूप आहे."

"मग तोड ना."

"दारावर आपलं परिपत्रक आहे, साहेब. निरीक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय कुलूप तोडू नये. खाली आपलीच सही आहे. प्लॅस्टिकमध्ये घालून लावलंय."

"मी तोंडी सांगतोय."

"कलम चार. तोंडी परवानगी ग्राह्य नाही." तो हे कुठल्याही द्वेषानं म्हणत नव्हता. त्याचं पाठांतरच चांगलं होतं.

लिफ्टसाहेबांकडे कागद एकच होता, तक्ता. त्यांनी तो उलटा केला आणि गुडघ्यावर धरून मागच्या बाजूला लिहिलं, की प्रस्तुत निरीक्षक दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांच्या दरम्यान असल्याने सदर कुलूप तोडण्यास याद्वारे परवानगी देण्यात येत आहे. सही केली, तारीख घातली, ती मेकॅनिकला विचारून दुरुस्त केली आणि टाचा उंचावून कागद फटीतून वर दिला. मेकॅनिकनं तो उजेडात धरून वाचला. मजल्यावर व्यवस्थापक बाई आणि पाचसहा रहिवासी जमले होते, त्यांनीही वाचला.

तेवढ्यात मावशीच्या हातातल्या फोनमधून रेडिओताईचा आवाज आला, "एक्सचेंज, आतल्या साहेबांना एक निरोप द्या. किल्ली त्यांच्याच खिशात आहे, असं वॉचमन म्हणतोय. कागद फटीतून वर गेला, मग किल्लीच का नाही दिली?"

मावशीनं निरोप जसाच्या तसा दिला. या निरोपाबद्दल लिफ्टसाहेबांनी आजतागायत कुणाला काही सांगितलेलं नाही. त्यांनी किल्ली वर दिली. पाच मिनिटांत लिफ्ट तिसऱ्या मजल्याला लागली आणि दार उघडलं. लिफ्टसाहेब कुणाकडेही न बघता स्वच्छतागृहाकडे गेले. परत आले तरी मावशी लिफ्टमध्येच होती.

"चल मावशी."

"पुढच्या पाळीची रिलीव्हर आल्याशिवाय मी सीट सोडत नाही," ती म्हणाली. लिफ्टसाहेबांनी तिचा हात धरला, तिनं झटकला. त्यांना घरातल्या अशा सगळ्या प्रसंगांची आठवण झाली. यापुढं रडारड, मग ओढाताण, मग बायकोचं धावत येणं. ते खालमानेनं उभे राहिले.

रेडिओताई जिना चढून आली होती. ती लिफ्टमध्ये शिरली, मावशीसमोर नीट उभी राहिली आणि म्हणाली, "मी रिलीव्हर. चार्ज द्या."

मावशीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. पसंत पडली असावी. "दोन कॉल बाकी आहेत," ती सांगू लागली. "हेडमास्तरांचा नंबर आला की त्यांना आधी जोडा, ते तापट आहेत. धोब्याचा संपला. आणि शिंप्यांची पार्टी उचलत नाही. उचलणारही नाही. पण त्यांना तसं सांगायचं नाही. लावतेय म्हणायचं आणि बोलत राहायचं."

रेडिओताईनं हे सगळं खरोखर वहीत लिहून घेतलं. मग मावशीनं रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि बाहेर येऊन विचारलं, "चहा कुठं मिळतो?"

व्यवस्थापक बाईंनी लिफ्टसाहेबांना त्यांचा कागद परत केला. "दोन्ही बाजू वाचल्या," त्या म्हणाल्या. "प्रश्न चांगले आहेत. सतरा लिफ्टचे, नऊ दांड्यांचे, एक नखांचा. मावशींचा एकही नाही. त्यांच्या दारावर काय लिहू, ते तरी सांगा."

लिफ्टसाहेबांनी बराच विचार केला. मग तक्त्याच्या समासात त्यांनी लिहून दिलं, 'एक्सचेंज. कॉल बुक करावा. घाई करू नये.' साडेतीन वाजता त्यांनी अर्जावर सही केली. सव्वीस वर्षांत त्यांची एकही सही अशी वाकडी आली नव्हती.

सोमवारी ते मावशीला कायमची घेऊन आले. तिची बॅग कपाटात लावून झाली, पलंगाचे पाय बघून झाले, खिडकीची कडी चार वेळा लावून काढून झाली. रेडिओताईनं टेबलावर कुठूनसा एक बंद पडलेला फोन आणून ठेवला होता आणि मावशी त्याच्यासमोर खुर्चीत बसली होती. लिफ्टसाहेब दाराशी उभे होते. तासभर झाला तरी उभेच होते. जायला हवं, हे त्यांना कळत होतं. दिलेला शब्द मोडून, ती समोर बसलेली असताना पाठ कशी फिरवायची, हे कळत नव्हतं.

मावशीनं रेडिओताईला विचारलं, "ते गृहस्थ मघापासून तिथं का उभे आहेत?"

"तुमचा भाचा आहे. तुम्हाला इथं सोडून जायचं त्यांच्या अगदी जिवावर आलंय."

"असं?" मावशीनं मान वळवून बघितलं. ओळख पटल्याचं काही चिन्ह तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. पण ती बघत राहिली. "घरी कोण आहे यांचं?"

"बायको आहे. पाठीनं आजारी आहे, एकटीच पडून असते."

मावशी उठली. हळूहळू चालत दारापाशी आली आणि लिफ्टसाहेबांच्या शर्टाचं वरचं बटण, जे सकाळपासून उघडंच राहिलं होतं, तिनं लावलं. नवव्या वर्षी शाळेत जाताना लावायची तसंच, जरा गळ्याला आवळून.

"मग इथं काय करतोस?" ती म्हणाली. "ती एकटी आहे ना? जा घरी."

लिफ्टसाहेब गेले. जिन्यानं गेले, कारण लिफ्टमध्ये माणसं होती आणि त्यांना रडू आवरत नव्हतं.